परदेशातून मागवलेल्या वस्तूचं शिपिंग: पैसे भरण्याआधी करायचा हिशेब (सातारा-सांगलीच्या खरेदीदारांसाठी)

ईबे किंवा एट्सीवर वस्तूची किंमत दिसते ६० डॉलर, आणि खाली बारीक अक्षरांत शिपिंग ४५ डॉलर. काही जण चिडून पान बंद करतात, काही जण चिडून का होईना पैसे भरतात. दोघांनीही हिशेब केलेला नसतो. शिपिंगच्या आकड्याशी भांडून तो कमी होत नाही. पण तो ज्या चार-पाच गोष्टींवर ठरतो, त्यातल्या बहुतेक पैसे भरण्याआधी बदलता येतात. पैसे गेल्यावर मात्र जवळजवळ काहीच हातात राहत नाही. म्हणून या लेखातलं बरंचसं काम पैसे भरायच्या आधीचं आहे.

‘पूर्वी तर चीनहून फुकट यायचं’ ही तक्रार कायम ऐकू येते, आणि ती खरी आहे. परदेशातून आलेलं टपाल पोहोचवण्याबद्दल एका देशाच्या टपालखात्याने दुसऱ्याला द्यायचे दर जागतिक टपाल संघात ठरतात. त्यातल्या जुन्या रचनेमुळे चीनसारख्या देशांतून निघणारं छोटं पाकीट पोहोचवण्याचा बराच भार ते घेणाऱ्या देशाच्या टपालखात्यावर पडायचा. सप्टेंबर २०१९ मध्ये जिनिव्हाच्या बैठकीत ती रचना बदलली आणि देशांना आपले दर वाढवण्याची मुभा मिळाली. इकडे ऑगस्ट २०१८ मध्ये ईबेचं भारतीय संकेतस्थळ बंद झालं होतं, आणि नोव्हेंबर २०२० मध्ये अलीएक्सप्रेस या चिनी खरेदी ॲपवर बंदी आली. त्यामुळे आता साताऱ्या-सांगलीचा गिऱ्हाईक बहुतेक वेळा थेट परदेशातल्या विक्रेत्याकडून, परदेशातल्या दराने पार्सल मागवतो.

आधी घरपोच किंमत काढा

वस्तू, शिपिंग, कार्डाचा खर्च, कस्टम ड्यूटी आणि कुरियरची हाताळणी फी या पाच रकमा मिळून खरी किंमत होते. विक्रेत्याच्या पानावर त्यातल्या फक्त पहिल्या दोन दिसतात.

वरचंच उदाहरण घेऊ. हिशेबाला सोपा जावा म्हणून डॉलर ९० रुपये धरू. वस्तू ५,४०० रुपये, शिपिंग ४,०५० रुपये, एकूण ९,४५०. कार्डावर परकीय चलनाचा अधिभार साधारण २ ते ३.५ टक्के असतो आणि त्या अधिभारावर १८ टक्के जीएसटी. साडेतीन टक्के धरला तर ३३१ अधिक ६०, म्हणजे ३९१ रुपये. ड्यूटी २,८७५ रुपये (तिचा हिशेब पुढे आहे). कुरियरची फी जीएसटीसह ७०० रुपये धरली, तर बेरीज १३,४१६ रुपये. म्हणजे ५,४०० ची वस्तू घरी येईपर्यंत जवळजवळ अडीचपट झाली.

हा आकडा कागदावर आला की पुढचे प्रश्न सोपे होतात. तीच वस्तू मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत ११ हजाराला मिळत असेल, तर ती तिथूनच घ्यावी. सोबत वॉरंटी आणि परत करण्याची सोय मिळते. परदेशातून तेच मागवावं जे इथे मिळतच नाही, किंवा एवढं करूनही निम्म्या किमतीत पडतं.

शोधताना: योग्य खूण, योग्य क्रम

खात्यात पोहोचवण्याचा देश भारत ठेवा आणि आपला पिनकोड भरा, म्हणजे सातारा ४१५००१, सांगली ४१६४१६, मिरज ४१६४१०, कराड ४१५११० असा जो असेल तो. त्यानंतर यादी ‘किंमत अधिक शिपिंग, कमीत कमी आधी’ या क्रमाने लावा. नुसत्या किमतीच्या क्रमाने लावलेली यादी फसवते. वस्तू एक डॉलर आणि शिपिंग तीस डॉलर असे विक्रेते त्यात वर येतात.

वस्तू कुठल्या देशातून निघणार हेही तपासा. एकच वस्तू अमेरिका, जर्मनी आणि जपान अशा तीन ठिकाणी मिळत असेल तर शिपिंगमध्ये दुपटीचा फरक सहज पडतो. कारण त्या त्या देशाच्या टपालखात्याचे दर आणि वजनाचे टप्पे वेगळे आहेत.

ईबेच्या काही वस्तूंवर ‘इंटरनॅशनल शिपिंग’ म्हणून ईबेची स्वतःची योजना दिसते. तिच्यात विक्रेता वस्तू त्याच्याच देशातल्या एका केंद्रावर पाठवतो आणि पुढचं सगळं ईबे बघतं. तिथला आकडा विक्रेत्याच्या हातात नसतो, त्यामुळे त्याच्याशी घासाघीस करून काही साधत नाही. विचारायचं असेल तर एवढंच विचारा की तो स्वतः थेट टपालाने पाठवेल का. ॲमेझॉनच्या परदेशी मालावर ‘आयात शुल्क ठेव’ आधीच घेतली जाते. प्रत्यक्ष ड्यूटी कमी लागली तर फरक परत येतो. त्यामुळे तो आकडा जास्त दिसला तरी निदान शेवटचा असतो.

खोक्याचं माप हाच खरा खर्च

विक्रेते सगळ्यात जास्त पैसे इथे वाया घालवतात, आणि ते पैसे गिऱ्हाइकाचे असतात.

एक्सप्रेस कुरियर प्रत्यक्ष वजन आणि आकारमानी वजन यांपैकी जे जास्त असेल त्यावर आकारणी करतात. आकारमानी वजन काढायची रीत अशी: लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये मोजा, गुणाकार करा आणि ५,००० ने भागा. उत्तर किलोत येतं. भडंगाचं पोतं हलकं असलं तरी टेम्पोत गुळाच्या ढेपेपेक्षा जास्त जागा अडवतं, आणि विमानात जागेचे पैसे मोजावे लागतात.

सातारा हिल हाफ मॅरेथॉनची तयारी करणाऱ्या कुणी धावण्याचे बूट मागवले असं समजा. बुटांचं वजन ६०० ग्रॅम. विक्रेत्याने बुटांचा डबा ४० × ३० × २० सेंटिमीटरच्या पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवून मोकळ्या जागेत कागद कोंबला. गुणाकार २४,०००, भागिले ५,००० म्हणजे ४.८ किलो. कुरियर वरच्या अर्ध्या किलोला नेतो, म्हणून ५ किलोचे पैसे. आता बुटांचा डबा काढून टाकला, एका बुटात दुसऱ्याची टाच बसवली आणि ३२ × २२ × ११ चं पुडकं केलं, तर ७,७४४ भागिले ५,००० म्हणजे १.५५ किलो. दोन किलोचे पैसे. वस्तू तीच, वजन तेच, आकारणी ५ किलोवरून २ किलोवर आली.

म्हणून विक्रेत्याला विचारायची पहिली गोष्ट खोक्याचं माप. मूळ डबा नको असेल तर तसं स्पष्ट लिहा. घड्याळ, पेन, खेळण्यांचे संग्रहणीय नमुने अशा वस्तूंची पुढे विक्री करताना डब्यालाही किंमत असते, तिथे मात्र डबा राहू द्या. त्याचे पैसे आपण मोजतोय हे माहीत असलं की पुरे.

टपालाची रीत वेगळी आहे. तिथे वजनाचे टप्पे महत्त्वाचे. आंतरराष्ट्रीय टपालात ‘छोटं पाकीट’ या स्वस्त वर्गाची मर्यादा २ किलो आहे. अमेरिकेच्या टपालखात्याच्या फर्स्ट क्लास पार्सलची मर्यादा ४ पौंड, म्हणजे सुमारे १.८ किलो, आणि किंमत ४०० डॉलरपर्यंत. त्याच्या वर एक ग्रॅम गेलं तरी पार्सल पुढच्या, बऱ्याच महाग सेवेत जातं. वस्तू १.९ किलोची आणि बबल रॅप, खोकं, चिकटपट्टी मिळून २५० ग्रॅम झाले की टप्पा ओलांडलाच. पॅकिंगला १५० ते ३०० ग्रॅम लागतात हे धरूनच वस्तू निवडा. टप्पा ओलांडत असेल तर दोन पाकिटं करणं कधी कधी एका पार्सलपेक्षा स्वस्त पडतं. हे ऐकायला उलटं वाटतं, पण विचारून पाहिलं की कळतं.

पुस्तकांचं गणित आणखी वेगळं. छापील साहित्यासाठी टपालात ५ किलोपर्यंतचा स्वतंत्र वर्ग आहे आणि ब्रिटनचं रॉयल मेल तो देतं. पुस्तकं मागवणाऱ्याने विक्रेत्याला ‘प्रिंटेड पेपर्स’ने पाठवायला सांगावं. पाकिटात पुस्तकांशिवाय काही नसावं, एवढीच अट.

टपाल की कुरियर

हलकी, छोटी, मोडण्याची भीती नसलेली आणि घाई नसलेली वस्तू असेल तर टपाल घ्या. सतारीच्या तारा, पेनाच्या निबा, सायकलचे छोटे सुटे भाग, पोस्टाची तिकिटं या वर्गात येतात. मिरजेत सतारीला लागणारी जर्मन रोस्लाऊ पोलादी तार हे चांगलं उदाहरण. वजनाने हलकी, वेटोळं चपटं, मोडण्यासारखं काही नाही. ती एक्सप्रेसने मागवणं म्हणजे निव्वळ पैशाची उधळपट्टी.

महाग, नाजूक, किंवा कागदपत्रांची भानगड होण्याची शक्यता असलेली वस्तू कुरियरने मागवा. कुरियरवाला कस्टममध्ये आपल्या वतीने कागद भरतो, फोन उचलतो आणि पार्सल नेमकं कुठे अडलंय ते सांगतो. टपालाचं पार्सल साधारणपणे मुंबईत बॅलार्ड इस्टेटच्या विदेश डाक भवनातल्या कस्टममधून जातं. तिथे ते काही दिवस, कधी काही आठवडे थांबतं आणि ट्रॅकिंगवर एकच ओळ दिसत राहते. ती दिसली म्हणून पार्सल हरवलं असं समजू नका.

टपालाने मागवताना ट्रॅकिंग क्रमांकाचा नमुना बघा. सुरुवातीला दोन इंग्रजी अक्षरं, मग नऊ अंक, शेवटी पाठवणाऱ्या देशाची दोन अक्षरं, असा तेरा खुणांचा क्रमांक असेल तर तो भारतीय टपालाच्या संकेतस्थळावर टाकून बघता येतो. दुसऱ्याच प्रकारचा लांबलचक आकडा असेल तर बहुधा तो फक्त पाठवणाऱ्या देशाच्या हद्दीपर्यंतच चालतो. पहिलं अक्षर आर असेल तर रजिस्टर, ई असेल तर ईएमएस (टपालाची जलद सेवा), सी असेल तर पार्सल. विनाट्रॅकिंग पाकीट स्वस्त असतं. पण ते न मिळाल्यास दावा करताना हातात काहीच नसतं. हजार रुपयांपर्यंतच्या वस्तूला ते परवडतं, त्यापुढे नाही.

विक्रेत्याला काय लिहायचं

साध्या इंग्रजीत पाच-सहा ओळी पुरतात. त्यात एवढं हवं:

१. मी भारतात आहे, पिनकोड अमुक.
२. पॅक केलेल्या खोक्याचं माप आणि वजन किती होईल?
३. मूळ डबा काढून, लहान पुडक्यात, तुमच्या टपालखात्याच्या ट्रॅकिंगसह सर्वांत स्वस्त सेवेने पाठवलं तर किती?
४. बिलावर वस्तूची किंमत आणि वाहतूक वेगवेगळी दाखवाल का?
५. पार्सलवर माझा मोबाइल क्रमांक लिहाल का?

चौथा मुद्दा बहुतेक जण गाळतात. तो सगळ्यात कामाचा आहे आणि त्याचं कारण ड्यूटीच्या भागात कळेल.

एकाच विक्रेत्याकडून दोन-तीन वस्तू घेत असाल तर एकेकीचे पैसे भरत बसू नका. ईबेवर सगळ्या कार्टमध्ये टाकून आधी ‘एकूण रक्कम कळवा’ अशी विनंती करा. विक्रेता एकत्र शिपिंगचा आकडा पाठवतो. एट्सीवर बरेच दुकानदार दुसऱ्या वस्तूपासून वेगळा, कमी दर लावून ठेवतात, त्यामुळे एकाच दुकानातून घेतलं की आपोआप फरक पडतो. पैसे भरून झाल्यावर ‘शिपिंगचा फरक परत द्या’ म्हणणं विक्रेत्याच्या मर्जीवर आहे, आणि मर्जी दरवेळी चांगली नसते.

व्यापारी विक्रेता ब्रिटन किंवा युरोपातला असेल तर त्याच्या किमतीत व्हॅट धरलेला असू शकतो: ब्रिटनमध्ये २० टक्के, जर्मनीत १९. माल देशाबाहेर जाणार असेल तर तो व्हॅट काढून किंमत द्यायला नोंदणीकृत व्यापाऱ्याला येते. हे मागितल्याशिवाय फार कमी जण देतात. पण मागून मिळालं की शिपिंगचा बराचसा भार त्यातच निघतो. खासगी माणूस जुनी वस्तू विकत असेल तर त्याच्याकडे काढायला व्हॅटच नसतो.

नोव्हेंबर-डिसेंबरात कुरियर हंगामी अधिभार लावतात, आणि इंधनाचा अधिभार तर वर्षभर वर-खाली होतो. ऑगस्टात मिळालेला दर डिसेंबरात तोच राहील असं धरू नका.

परदेशातला पत्ता भाड्याने घेणं

विक्रेता भारतात पाठवतच नसेल, किंवा चार वेगवेगळ्या दुकानांतून माल गोळा करायचा असेल, तर फॉरवर्डर कंपनी उपयोगी पडते. ती तुम्हाला अमेरिकेतला पत्ता देते, तिथे आलेली पार्सलं साठवते, एकत्र बांधते आणि भारतात पाठवते. ओरेगॉन किंवा डेलावेअर राज्यातला पत्ता देणारी कंपनी घ्या, कारण त्या राज्यांत विक्रीकर नाही. जपानच्या लिलावांसाठी बायी, झेनमार्केट यांसारख्या मध्यस्थ कंपन्या आहेत. त्या तुमच्या वतीने बोलीही लावतात.

फायदा तेव्हाच होतो जेव्हा पार्सलं तीन-चार असतात आणि कंपनी ती पुन्हा नीट, लहान खोक्यात बांधते. एका पार्सलसाठी हा मार्ग बहुधा महाग पडतो, कारण देशांतर्गत शिपिंग, हाताळणी आणि पुन्हा पॅकिंग असे तीन खर्च वाढतात. साठवणुकीचे मोफत दिवस किती, तेही वाचा.

एक मोठा तोटाही आहे. वस्तू फॉरवर्डरच्या पत्त्यावर पोहोचली की ईबेच्या लेखी ती पोहोचली. पुढे पाठवताना ती फुटली, हरवली, किंवा खोक्यात विटा निघाल्या, तरी ईबेची पैसे परत देण्याची हमी लागू होत नाही. म्हणून महाग वस्तू असेल तर फॉरवर्डरकडे थोडे पैसे देऊन फोटो काढून घ्या आणि वस्तू बरोबर असल्याची खात्री झाल्यावरच पुढे पाठवायला सांगा.

कस्टम ड्यूटी: शिपिंगवरही कर लागतो, पण किती?

विकत घेतलेल्या वस्तूला अमुक हजारांपर्यंत ड्यूटी माफ, असं भारतात काही नाही. वैयक्तिक वापरासाठी टपालाने किंवा विमानाने येणाऱ्या वस्तूंना कस्टमच्या दरपत्रकात ९८०४ हे वेगळं शीर्षक आहे. त्याचे दर बजेटागणिक बदलतात. ऑर्डर देण्याआधी केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाच्या संकेतस्थळावर चालू दर बघा. जुन्या लेखांतली टक्केवारी वापरू नका.

रीत मात्र तीच राहते. वस्तूची किंमत, वाहतूक आणि विमा मिळून करपात्र मूल्य होतं. त्यावर मूळ सीमाशुल्क. त्या शुल्काच्या १० टक्के समाजकल्याण अधिभार, लागू असेल तर. मग या सगळ्यांच्या बेरजेवर एकात्मिक जीएसटी. चलनाचा दर कस्टमने जाहीर केलेला धरतात, तुमच्या बँकेचा नव्हे.

आता मघाशी सोडलेला मुद्दा. २००७ च्या सीमाशुल्क मूल्यांकन नियमांत नियम १० सांगतो की माल विमानाने आला असेल तर मूल्यात धरायची वाहतूक वस्तूच्या मूळ किमतीच्या २० टक्क्यांपेक्षा जास्त असू शकत नाही, प्रत्यक्षात कितीही खर्च झालेला असो. विम्याचा आकडा माहीत नसेल तर १.१२५ टक्के धरतात.

आपल्या उदाहरणात शिपिंग ४,०५० रुपये होतं, पण ५,४०० चे २० टक्के म्हणजे १,०८० रुपयेच धरायचे. विमा ६१ रुपये. करपात्र मूल्य ६,५४१ रुपये. रीत दाखवण्यापुरतं मूळ शुल्क २० टक्के आणि जीएसटी १८ टक्के धरला, तर शुल्क १,३०८, अधिभार १३१, जीएसटी १,४३६, एकूण २,८७५ रुपये. तेच पूर्ण शिपिंग धरून मूल्य ९,५११ काढलं, तर ड्यूटी ४,१८१ होते. फरक १,३०६ रुपयांचा.

हा फरक मिळण्यासाठी बिलावर वस्तू आणि वाहतूक वेगळी दिसायला हवी. म्हणून तो चौथा प्रश्न. ‘फ्री शिपिंग’वाल्या विक्रेत्याने वाहतूक किमतीतच मिसळलेली असते आणि सगळ्या रकमेवर ड्यूटी लागू शकते. दोन विक्रेत्यांची एकूण रक्कम सारखी असेल तर वाहतूक वेगळी दाखवणारा निवडावा. कुरियरकडून ड्यूटीचं बिल आलं की सोबतची बिल ऑफ एंट्री (कस्टममध्ये भरलेला आयातीचा कागद) मागवा आणि वाहतुकीच्या रकान्यातला आकडा बघा. तो २० टक्क्यांच्या वर असेल तर पैसे भरण्याआधी लेखी विचारा. पार्सल सुटल्यावर दुरुस्ती होऊ शकते, पण तेवढ्यासाठी महिनोन्‌महिने पत्रव्यवहार करायला फार थोड्यांना जमतं.

‘गिफ्ट लिहायला सांगतो’ हा उपाय आता विसरा. डिसेंबर २०१९ पासून भेटवस्तू म्हणून सवलतीने माल सोडवणं बंद आहे. जीवरक्षक औषधं आणि राखी एवढेच अपवाद, आणि राखीसोबतच्या भेटीही त्यात धरत नाहीत. बहिणीने दुबईहून घड्याळ पाठवलं तरी पूर्ण ड्यूटी लागते. किंमत कमी लिहून घेणंही तसंच. कस्टमवाले तीच वस्तू त्याच संकेतस्थळावर शोधतात. किंमत जुळली नाही तर जप्ती आणि दंड होऊ शकतो. शिवाय पार्सल हरवलं तर भरपाई त्या खोट्या किमतीएवढीच मिळते.

काही वस्तूंचा हिशेब करण्यातच अर्थ नाही. ड्रोनची आयात फेब्रुवारी २०२२ पासून बंद आहे. ई-सिगारेटवर २०१९ पासून बंदी आहे. बियाणं, कलमं, द्राक्षाच्या काड्या रोगमुक्ततेचा दाखला आणि आयात परवान्याशिवाय येत नाहीत. तासगाव-वाळव्याकडे कुणी हौसेने परदेशी वाणाच्या काड्या ऑनलाइन घेतल्या, तर त्या विमानतळावरच नष्ट होण्याची शक्यता जास्त. ब्लूटूथ किंवा वायरलेस उपकरणांना मंजुरीचा कागद मागितला जाऊ शकतो. पॉवर बँक आणि सुट्या लिथियम बॅटऱ्या बरीच टपालखाती घेतच नाहीत. वापरलेल्या वस्तू आयात धोरणात ‘निर्बंधित’ आहेत. जुनी लेन्स किंवा जुना अँप्लिफायर अनेकदा येतो, पण अडकला तर सोडवताना दम लागतो, हे धरूनच घ्या. लॅपटॉप किंवा टॅबलेट मात्र पूर्ण ड्यूटी भरून एक नग टपालाने वा कुरियरने आणता येतो.

पैसे भरताना

२०२० पासून नव्या कार्डावर परदेशी व्यवहार मुळातच बंद ठेवलेले असतात. बँकेच्या ॲपमध्ये ते सुरू करा, मर्यादा घाला आणि काम झालं की पुन्हा बंद करा. पैसे भरताना पान ‘रुपयांत भरा’ असं सुचवतं, तेव्हा विक्रेत्याचंच चलन निवडा. रुपयांचा दर त्या पानाने स्वतःचा नफा धरून लावलेला असतो आणि काही बँका त्यावरही अधिभार घेतात. परदेशी अधिभार नसलेली किंवा कमी असलेली कार्डं आहेत. वर्षातून तीन-चारदा मागवत असाल तर ती बघावीत. पेपलने भरल्यास तक्रारीला १८० दिवस मिळतात, पण त्यांचा चलनदर महाग असतो. तिथेही रूपांतर कार्डाने करण्याचा पर्याय निवडता येतो.

शिपिंग निवडताना ‘ड्यूटी भरलेली’ आणि ‘ड्यूटी न भरलेली’ यातला फरक बघा. पहिल्यात, म्हणजे डीडीपीमध्ये, दारात काही द्यावं लागत नाही. दुसऱ्यात कुरियर तुमच्या वतीने ड्यूटी भरतो, त्याची हाताळणी फी लावतो आणि फीवर १८ टक्के जीएसटी घेतो. स्वस्त वस्तूंना ही फीच जास्त लागते.

पत्ता, केवायसी आणि गावाकडचा अधिभार

परदेशी संकेतस्थळांत पत्त्याची ओळ साधारण ३५ अक्षरांत संपते. ‘मारुती मंदिरासमोर, पाटील वाड्याच्या मागे’ वगैरे त्यात मावत नाही आणि नेमका घर क्रमांकच कापला जातो. पहिल्या ओळीत घर क्रमांक आणि गल्ली, दुसऱ्या ओळीत पेठ किंवा गाव, मग तालुका आणि जिल्हा. मोबाइल क्रमांक +९१ सह.

नाव आधारवर आहे तसंच लिहा. कुरियर ओळख आणि पत्त्याचा पुरावा मागतो. आधार, पॅन, पासपोर्ट, मतदार ओळखपत्र यांतलं चालतं. केवायसीचा ईमेल बहुधा स्पॅममध्ये जाऊन पडतो. पार्सल भारतात पोहोचल्याची नोंद दिसली की रोज स्पॅम बघा. कागद वेळेत गेले नाहीत तर मोफत दिवस संपून गोदामाचं भाडं चालू होतं, आणि शेवटी पार्सल परत जातं. तेव्हा विक्रेता फार तर वस्तूचे पैसे देतो, शिपिंगचे नाही.

जत, आटपाडी, माण, पाटण इथल्या लांबच्या गावांना काही एक्सप्रेस कुरियर ‘दुर्गम भाग’ धरून अधिभार लावतात, किंवा पुढचा टप्पा स्थानिक कुरियरकडे देतात. सातारा, कराड, मिरज किंवा कुपवाड एमआयडीसीत नोकरीला असाल तर कंपनीचा पत्ता आधी विचारून वापरा. पुण्यातल्या नातेवाइकांचा पत्ता देण्याची आपल्याकडची पद्धत चालते, पण पार्सल ज्याच्या नावाने, केवायसी त्याचीच लागते. टपाल मात्र कुठल्याही वाडीवर त्याच दरात येतं, आणि ड्यूटी असेल तर पोस्टमन दारात पावती देऊन घेतो.

ऑर्डरचं पान, विक्रेत्याचं बिल आणि कार्डाच्या स्टेटमेंटमधली ती ओळ या तिन्ही गोष्टी एका पीडीएफमध्ये ठेवा. कस्टमने किमतीबद्दल विचारलं तर हेच मागतात.

‘तुमचं पार्सल कस्टममध्ये अडकलंय, या यूपीआयवर भरा’ असा फोन किंवा मेसेज आला तर आधी ट्रॅकिंग क्रमांक कुरियरच्या संकेतस्थळावर स्वतः टाकून बघा. कस्टम खातं कुणाच्या वैयक्तिक खात्यात पैसे मागत नाही. त्यांच्या पत्रावर नोव्हेंबर २०१९ पासून एक दस्तऐवज ओळख क्रमांक असतो आणि तो केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाच्या संकेतस्थळावर पडताळता येतो. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर फोन करा.

उघडताना आणि परत करताना

खोकं सीलबंद असल्यापासून सलग व्हिडिओ काढा, लेबल आणि वजन दिसेल असं. ईबेवर वस्तू वर्णनाप्रमाणे नसेल तर साधारणपणे पोहोचल्यापासून ३० दिवसांत तक्रार करायची असते. परतीचं शिपिंग विक्रेत्याने द्यायचं ठरलं तरी भरलेली ड्यूटी आपोआप परत येत नाही. सदोष माल परत पाठवल्यास ड्यूटी परताव्याची तरतूद सीमाशुल्क कायद्यात आहे, पण मुदत आणि कागदपत्रं बघता दहा हजारांखालच्या वस्तूला ती खटाटोप परवडत नाही. विक्रेत्याशी अर्धवट परताव्यावर तडजोड करणं जास्त शहाणपणाचं.

धंद्यासाठी मागवत असाल तर

विट्याच्या यंत्रमागाचा सुटा भाग किंवा मिरजेच्या वाद्यांच्या कारखान्यासाठी डझनभर पिकअप (वाद्याचा आवाज टिपणारे भाग) मागवले, तर तो वैयक्तिक वापर नाही. वस्तू स्वतःच्या नावाने मागवून नग वाढवले की कस्टम विचारणारच. परकीय व्यापार महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर ५०० रुपये भरून आयात-निर्यात कोड काढा. त्यानंतर माल ९८०४ खाली न जाता त्याच्या खऱ्या शीर्षकाखाली जातो, उदाहरणार्थ वाद्यांच्या तारा ९२०९ मध्ये, आणि तिथला दर वेगळा असतो. बिल ऑफ एंट्रीवर जीएसटी क्रमांक घातला असेल तर भरलेला एकात्मिक जीएसटी खात्यात जमा धरता येतो. पण क्रमांक कुरियरला माल निघण्याआधीच कळवायला हवा. कोडचे तपशील दरवर्षी एप्रिल ते जून या काळात संकेतस्थळावर जाऊन कायम करावे लागतात, बदल काही नसला तरी. ते राहिलं तर कोड निष्क्रिय होतो, आणि ते बहुधा माल मुंबईत येऊन पडल्यावरच कळतं.